किती ठेवू

कॉलेज रोडला, दुसऱ्या मजल्यावर
तन्झिला माझ्या केसांत बोटं घालते
आणि कंगवा मागत नाही.
आजवर प्रत्येकीने आधी कंगवाच मागितलाय,
मग मदतीला दुसरी मुलगी.

"ओले नाही करणार," ती म्हणते.
"ओले केस खोटं बोलतात, ताई."
हे मला माहीत आहे.
सातवीत, पेठच्या आश्रमशाळेत
बाईंनी ओल्या केसांवर पट्टी धरून कापले होते.
दुपारच्या उन्हात ते जे वर चढले
ते दिवाळीपर्यंत उतरले नाहीत.

फोनवर चित्रं.
ही थरांची, ही गोल, ही मानेपाशी संपणारी.
सगळ्यांना कडा आहेत.
माझ्या केसांना कड कधी नव्हतीच,
जिथे कंटाळतील तिथे थांबतात.
त्यांत एकदा पेनाचं टोपण सापडलं होतं.
मावसबहिणीच्या लग्नातली अक्षता तर चौथ्या दिवशी,
लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना,
टपकन टेबलावर.

माझ्या स्वतःच्या लग्नात
तापलेल्या चिमट्याने सरळ केले होते.
फोटोत हिरामणशेजारी
कुणीतरी चांगल्या घरची बाई उभी आहे.
मंगलाष्टकं संपेस्तोवर
कानशिलापाशी एक बट उठून बसली.
तो म्हणतो, तिच्यावरून ओळखलं तुला.

आई म्हणते, कापू नको, देवाने दिलंय.
तिने दहा वर्षं रोज खोबरेल थापून
दोन वेण्यांत आवळून गप्प बसवलं
ते देवाने दिलेलं.

"किती ठेवू?" तन्झिला विचारते.

आडगावची बाग.
बाबा छाटणीच्या टोळीत.
मुकादम बांधावरून ओरडायचा,
"भोये, किती डोळे ठेवले?"
बाबा उत्तर द्यायचे नाहीत.
एकेका काडीपुढे उभे राहायचे.
जाड की बारीक, पिकलेली की कच्ची,
बोटाने चाचपायचे.
मग डोळ्याच्या जरा वर, एकच काप.
तोवर बाकीचे चार ओळी पुढे.
मी खालच्या काड्या गोळा करायचे सरपणाला.
मागे वळून पाहिलं की बाग भुंडी,
मला वाटायचं, मेली.
पंधरा दिवसांनी बाबा नुसतं बोट दाखवायचे.

पण मी काही वेल नाही.
माझ्यावर द्राक्षं लागायची नाहीत.
अठराशे रुपये मात्र लागतील,
तेवढ्यात महिन्याचा गॅस आणि बरंचसं दूध.
शिवाय बेचाळिसाव्या वर्षी
गायधनी मॅडम चष्म्यावरून बघणार,
"काय गं, काय विशेष?"

विशेष काही नाही.
डिसेंबरात बाबा गेले.
रामकुंडावर धाकट्या भावाने केस उतरवले,
कान केवढे निघाले त्याचे.
मी वरच्या पायरीवर उभी होते
सगळेच्या सगळे केस घेऊन,
आणि मला कुणी काही विचारलं नाही.

"ताई? किती?"

"एक कापून बघ," मी म्हणते.
"मागची. मला न दिसणारी."

कानामागे बारीकसा आवाज.
बट फरशीवर पडते
आणि सरळ होत नाही.
कापल्यावरही तशीच,
बोटाभोवती गुंडाळल्यासारखी,
कुणाच्या बोटाभोवती कोण जाणे.
मी वाकून बघते. उचलत नाही.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय.
तन्झिलाला घाई नाही.
ती पुढच्या बटेपाशी थांबलीय,
चाचपते आहे,
नुसती बघते आहे.